जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलीचं साल आणि कॅलिबर: आधी लोखंड वाचा, मग तक्ता उघडा

विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या मॉडेल १८७३ या लिव्हर-ॲक्शन (चापाभोवतीची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलीच्या बऱ्याच नळ्यांवर ‘किंग्ज इम्प्रूव्हमेंट’ या शब्दांपुढे दोन तारखा कोरलेल्या असतात: २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६०. यातली एकही त्या रायफलीची नाही. दोन्ही पेटंटच्या आहेत, आणि रायफल १८९०च्या दशकात तयार झालेली असली तरी त्या तशाच दिसू शकतात. तरीही विक्रीच्या जाहिरातीत, वारसाहक्काच्या यादीत, कधी संग्रहालयातल्या पाटीवरसुद्धा ‘१८६०ची रायफल’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं.

दुसरी चूक याहून चिवट आहे. कुठला तरी आकडा सापडला की लोक तो थेट नंबरावरून साल सांगणाऱ्या तक्त्यात शोधतात, समोर आलेलं साल लिहून घेतात आणि काम संपलं समजतात. मॉडेल कुठलं, तो आकडा खरंच सिरीयल नंबर आहे का, नळी मूळचीच आहे का, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही. या लेखातला क्रम त्यासाठीच आहे: ठसे, मॉडेल, नंबर, साल, कॅलिबर (नळीचं आणि काडतुसाचं माप), आणि शेवटी सगळ्याचा ताळा. भर विंचेस्टरवर आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. मार्लिन आणि सॅव्हेज या इतर कंपन्यांच्या रायफली जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: रायफल रिकामी करा, आणि हाताशी काय हवं

या रायफलींचं मॅगझिन बहुधा नळीखालच्या लांब ट्यूबमध्ये असतं. शंभर वर्षांची स्प्रिंग मधेच अडकते आणि एखादं काडतूस आत राहून जातं. लिव्हर पाच-सहा वेळा चालवली आणि काही बाहेर पडलं नाही, एवढ्यावर रायफल रिकामी मानू नका.

१. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, चापापासून बोट दूर ठेवा, लिव्हर पूर्ण उघडा.
२. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, टॉर्च मारून बघा आणि करंगळीने चाचपा.
३. मॅगझिनच्या मागच्या तोंडाशी काडतूस पुढे ढकलणारी टोपी, म्हणजे फॉलोअर, दिसते का बघा. टोपी दिसली तर ट्यूब रिकामी आहे. दिसली नाही तर आत काहीतरी आहे असंच धरा.
४. लिव्हर बंद करून तोंडाकडून लाकडी दांडी हलकेच आत सोडा आणि ती बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) टेकेल तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. दांडी अलीकडेच अडली तर नळीत अडथळा आहे.

खूण केलेली दांडी पुढेही लागते. खुणेपासून टोकापर्यंतचं माप हीच नळीची खरी लांबी. नळी बाहेरून, रिसीव्हरपासून (यंत्रणा बसवलेल्या मधल्या पेटीपासून) मोजणं चूक आहे.

> थांबा: काडतूस अडकलं असेल तर ते ठोकून काढू नका. परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. तोवर पुढचा एकही टप्पा नाही.

साहित्य साधं आहे: दहापट भिंग, छोटी टॉर्च, खडूची पूड, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, हलकं तेल, सुती फडकं, लाकडी दातकोरणी, व्हर्नियर कॅलिपर आणि शक्य असेल तर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा मायक्रोमीटर. सॅंडपेपर, तारेचा ब्रश, पितळ चमकवायचं पॉलिश आणि व्हिनेगर त्या खोलीतूनच बाहेर ठेवा. गंजाखालचा ठसा वाचण्यासाठी घासलेला एक हात ठसाही नेतो आणि रायफलीची निम्मी किंमतही.

## टप्पा २: प्रत्येक ठसा उतरवून घ्या

या टप्प्यात अर्थ लावायचा नाही, फक्त नोंदवायचं. कागदावर रायफलीची दोन्ही बाजूंची आणि वरून-खालून अशी ढोबळ चित्रं काढा आणि ठसा जिथे आहे तिथे जसाच्या तसा लिहा. टिंबं, जोडरेषा, वर्तुळं, तुटकी अक्षरं, सगळं.

पुसट ठशासाठी टॉर्च समोरून मारू नका. ती पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा म्हणजे खोलगट भागात सावली पडते. तरी वाचता येत नसेल तर खडूची पूड बोटाने चोळून वरची झटका, अक्षरांत पांढरी रेघ राहते. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. अक्षरांत जुनं तेल घट्ट बसलेलं असतं. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी दातकोरणीने काढा.

कुठे बघायचं:

- नळीचा वरचा भाग, रिसीव्हरपासून पुढच्या माशीपर्यंत (नेम धरायच्या खुणेपर्यंत). अष्टकोनी नळीवर डावी-उजवी पट्टीही.
- रिसीव्हरची मागची वरची जीभ, म्हणजे अप्पर टँग, आणि लिव्हर उघडल्यावर दिसणारी खालची जीभ, लोअर टँग.
- रिसीव्हरचा पुढचा खालचा भाग.
- काडतूस वर उचलणाऱ्या कॅरिअरचा तळ. १८७३मध्ये तो रायफल उलटी केली की सरळ दिसतो.
- नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यालगतचे छोटे गोल किंवा लंबगोल शिक्के.
- दस्त्यामागच्या धातूच्या पट्टीची आतली बाजू, पण दस्ता आधीच सुटा असेल तरच.

शेवटच्या मुद्द्यासाठी स्क्रू काढायचा मोह होतो. जुन्या विंचेस्टरच्या स्क्रूच्या खाचा अरुंद आणि समांतर भिंतींच्या असतात, बाजारातला पाचरीसारखा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या कडा फाडतो. फाटक्या कडांचे स्क्रू बघून जाणकार ग्राहक पहिल्या मिनिटात ओळखतो की ही रायफल कुणीतरी उघडली आहे. बरोबर मापाचं पातं नसेल तर दस्त्याला हात लावू नका.

## टप्पा ३: मॉडेल ठरवा, नंबराकडे अजून बघू नका

तोच नंबर १८७३वर असला तर एक साल निघतं, १८९२वर असला तर भलतंच. म्हणून मॉडेल आधी. आणि ते टँगवरच्या अक्षरांबरोबरच यंत्रणेवरूनही पटलं पाहिजे.

१८६६: पितळी दिसणारा रिसीव्हर. काडतूस .४४ हेन्री, रिमफायर, म्हणजे ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेलं.

१८७३: चौकट, म्हणजे रिसीव्हर, आधी लोखंडी, नंतर पोलादी; दोन्ही बाजूंना सुट्या पट्ट्या, वर सरकतं धूळझाकण. १८७६ हुबेहूब तीच, फक्त अंगाने मोठी. फोटोवरून या दोघींत सर्रास गल्लत होते. .४५-७५चं काडतूस १८७३च्या कॅरिअरमध्ये मावूच शकत नाही, इतका फरक आहे.

१८८६ आणि १८९२: शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची रचना. बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभे लॉक, लिव्हर उघडली की खाली सरकणारे. १८९२ ही १८८६चीच छोटी आवृत्ती.

१८९४: बोल्टमागे एकच लॉक, आणि लिव्हरबरोबर रिसीव्हरचा तळच खाली झुलतो. ही एक खूण १८९२पासून वेगळं करायला पुरते.

१८९५: ट्यूब नाही, रिसीव्हरखाली पेटीसारखं मॅगझिन.

मार्लिन: १८८९पासून माथा बंद आणि रिकामं काडतूस बाजूने बाहेर. त्याआधीच्या १८८१ आणि १८८८मध्ये वरून.

सॅव्हेज १८९५ आणि १८९९: बाहेर घोडा नाही, आत फिरकीचं मॅगझिन.

यंत्रणा आणि अक्षरं जुळली नाहीत तर नक्कल धरून चला. स्पेनमधल्या एइबार गावात १८९२ची ‘एल टिग्रे’ ही प्रत बनत असे, तिच्यावर ‘४४ लार्गो’ लिहिलेलं असतं, म्हणजे .४४-४०च. इटलीच्या उबेर्ती, ब्राझीलच्या रॉसी आणि जपानच्या मिरोकू कारखान्यातल्या अलीकडच्या प्रती तर मुद्दाम जुन्यासारख्या मुरवून विकल्या जातात. सांध्यालगतचे छोटे शिक्के भिंगातून वाचा. इटालियन प्रतीवर सरकारी प्रूफ शिक्के (दाबाची चाचणी झाल्याचे) आणि वर्षाचा सांकेतिक ठसा असतो. पेटंटची खोटी तारीख कोरणाऱ्याला ते पुसायचं बऱ्याचदा सुचत नाही.

## टप्पा ४: सिरीयल नंबर नेमका कोणता

१८६६, १८७३, १८७६ आणि १८८६चा नंबर लोअर टँगवर असतो. सुरुवातीच्या १८६६वर तो दस्त्याखाली झाकलेलाही असतो. १८९२ आणि १८९४चा रिसीव्हरच्या पुढच्या तळाला, मॅगझिन ट्यूबच्या मागे.

इथे फसवणारा आकडा म्हणजे जुळणी-क्रमांक. खास लाकूड घातलेल्या किंवा सुट्या होणाऱ्या विंचेस्टरच्या टँगच्या कडेवर, दस्त्याच्या आतल्या लाकडावर आणि मागच्या पट्टीवर कारागीर एकच छोटा आकडा ठोकत, भाग एकमेकांना सापडावेत म्हणून. तीन-चार आकडी ‘नंबर’ मिळाला म्हणून अगदी सुरुवातीची रायफल समजून आनंदी होण्याआधी खरा नंबर शोधा. जुळणी-क्रमांकाचा उपयोग वेगळा: तिन्ही जागी तो एकच असेल तर दस्ता मूळचा आहे.

नंबर भिंगाखाली बघताना तीन गोष्टी तपासा. सगळे आकडे एका उंचीचे आणि सारख्या खोलीचे आहेत का. आजूबाजूचा पृष्ठभाग खोलगट किंवा जास्त गुळगुळीत नाही ना (घासून पुन्हा ठोकलेल्या नंबराभोवती असा खळगा राहतो). आणि ३ व ८, १ व ७ यांत आपण गल्लत करत नाही ना. संशयाचा आकडा प्रश्नचिन्हासह लिहा. अंदाजाने भरलेला आकडा दोन दिवसांनी खरा वाटायला लागतो.

१८७३मध्ये नंबरावरून चौकटीचा प्रकारही कळतो. साधारण ३१,०००पर्यंत पहिला प्रकार, ९०,०००च्या आसपासपर्यंत दुसरा, पुढे तिसरा. धूळझाकण ज्या पट्टीवर सरकतं ती तिसऱ्या प्रकारात चौकटीचाच भाग असते, दुसऱ्यात स्क्रूने बसवलेली असते; पहिल्यात झाकण दोन्ही बाजूंच्या खाचांत सरकतं. नंबर ५ हजारांतला आणि पट्टी अखंड, असं दिसलं तर कुठेतरी खोट आहे.

मार्लिनबाबत एक इशारा. तिथे लिव्हर-ॲक्शनची वेगवेगळी मॉडेलं एकाच नंबरमालिकेतून जात. दीड लाखाच्या पुढचा नंबर असलेली मार्लिन १८९३ ही दीड लाखावी १८९३ नव्हे.

## टप्पा ५: साल

‘बनल्याचं साल’ असं एकच साल नसतं. विंचेस्टरच्या कारखान्यात, न्यू हेवन इथे, रिसीव्हरवर नंबर मारला जाई तो दिवस एक, तयार रायफल गोदामात जमा झाली तो दुसरा, माल रवाना झाला तो तिसरा. नंबर मारलेला रिसीव्हर बराच काळ पडूनही राहू शके. आपण कुठली तारीख सांगतोय ते लिहिल्याशिवाय सालाला अर्थ नाही.

छापील पुस्तकांत आणि इंटरनेटवर फिरणारे बरेच तक्ते एकाच जुन्या मांडणीवरून उतरवलेले आहेत. कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या वह्यांत मात्र नंबर केव्हा मारला याची नोंद आहे, आणि काही मॉडेलांत या दोन्हींत काही वर्षांचा फरक पडतो. चार संकेतस्थळांवर एकच साल दिसलं म्हणजे चार पुरावे झाले असं नाही. चौघांनी एकाचीच नक्कल केलेली असते. तक्त्याचं साल लिहा, पण शेजारी ‘कुठल्या तक्त्यावरून’ हेही लिहा.

खरा कागद अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावी आहे. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेच्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये विंचेस्टरच्या कारखान्याच्या मूळ नोंदवह्या ठेवल्या आहेत. पैसे भरून त्यावर आधारित पत्र मिळतं. अर्ज करण्याआधी आपला नंबर वह्यांच्या कक्षेत येतो का ते बघा:

- १८६६: १,२४,९९५ ते १,७०,१०१
- १८७३: १ ते ७,२०,४९६, मधली काही पानं नाहीत
- १८७६: १ ते ६३,८७१
- १८८६: १ ते १,५६,५९९, इथेही मधे खंड
- १८९२: १ ते ३,७९,९९९
- १८९४: १ ते ३,५३,९९९
- १८९५: १ ते ५९,९९९
- मार्लिन, १८८३ ते १९०६: ४,००१ ते ३,५५,५०४

१८९४ मॉडेलच्या रायफली सत्तर लाखांहून जास्त बनल्या आणि वह्या साडेतीन लाखांवर थांबतात. म्हणजे घरोघरी सापडणाऱ्या बहुतेक ‘नाइंटी-फोर’साठी हे पत्र मिळणारच नाही. तिथे तक्ता आणि ठसे एवढंच हाताशी राहतं.

पत्रात सहसा रायफल की आखूड नळीची कार्बाइन, कॅलिबर, नळी गोल की अष्टकोनी, चापाचा प्रकार, गोदामात आल्याची आणि रवाना झाल्याची तारीख आणि दुरुस्तीसाठी परत आली असल्यास ती नोंद असते. पहिल्या मालकाचं नाव मिळेल अशी आशा ठेवू नका. माल बहुतेक घाऊक व्यापाऱ्याकडे जाई.

> तपासा: नळीवर ‘वन ऑफ वन थाउजंड’ (निवडक उत्तम नळीच्या खास रायफलींचं नाव) कोरलेलं असेल तर कारखान्याच्या पत्राशिवाय एक पैसाही देऊ नका. १८७३मध्ये अशा रायफली दीडशेसुद्धा झाल्या नाहीत, आणि कोरणारे हात पुष्कळ.

## टप्पा ६: कॅलिबरचं नाव वाचणं

या नावांत एकच नियम नाही, म्हणून लोक फसतात. .४४-४०मध्ये ४४ हे कॅलिबर आणि ४० हे काळ्या दारूचं वजन, ग्रेन या छोट्या एककात. .४५-७०-४०५मध्ये तिसरा आकडा गोळीचं वजन. .३०-३०मधले दुसरे ३० ग्रेन मात्र बिनधुराच्या दारूचे. .३०-०६मधला ०६ म्हणजे १९०६ साल. आणि सॅव्हेजच्या .२५०-३०००मधले तीन हजार म्हणजे सेकंदाला फूट, गोळीचा वेग.

त्यातही कारखान्यांनी स्वतःच्या नावाखाली दुसऱ्याचंच काडतूस छापलं. विंचेस्टरच्या नळीवर ‘डब्ल्यू. सी. एफ.’ म्हणजे विंचेस्टर सेंटर फायर. ‘४४ डब्ल्यू. सी. एफ.’ म्हणजे .४४-४०, ‘३८’ म्हणजे .३८-४०, ‘३२’ म्हणजे .३२-२० आणि ‘३० डब्ल्यू. सी. एफ.’ म्हणजे .३०-३०. मार्लिनला नळीवर विंचेस्टरचं पूर्ण नाव नको असे, म्हणून तिथे नुसतं ‘४४ डब्ल्यू’, ‘३८ डब्ल्यू’ वगैरे. विंचेस्टर १८९५वर ‘३० यू. एस.’ म्हणजे .३०-४० क्रॅग.

सगळ्यात धोकादायक आकडा ३२. ‘३२ डब्ल्यू. सी. एफ.’, ‘.३२-४०’ आणि ‘३२ डब्ल्यू. एस.’ (विंचेस्टर स्पेशल) ही तीन वेगळी काडतुसं आहेत. मार्लिन त्या तिसऱ्यालाच ‘३२ एच. पी. एस.’ म्हणते. तसंच .३०३: सॅव्हेजचं .३०३ आणि ब्रिटिश लष्कराचं .३०३ यांचा आकडा सोडून कशाशीच संबंध नाही. पहिल्याची पुंगळी सुमारे २.०१५ इंच लांब, दुसऱ्याची २.२२ इंच; गोळीचा व्यासही वेगळा. भारतात हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे. परवान्यावर नुसतं ‘.३०३’ लिहिलं गेलं तर लष्करी बोअर समजून प्रकरण अडकतं.

१८७३वर नळीवर कॅलिबर नसेल तर बिचकू नका. सुरुवातीला ती फक्त .४४-४०मध्ये मिळे, त्यामुळे लिहायची गरजच नव्हती. .३८ आल्यावर कॅरिअरच्या तळाला ‘३८ कॅल.’, ‘४४ कॅल.’ असे ठसे सुरू झाले. पण कॅरिअर हा बदलता येणारा भाग आहे. त्याच्यावरचा ठसा म्हणजे रायफलीचा शब्द नव्हे.

कॅलिबरवरून सालाची खालची मर्यादाही मिळते. १८७३मध्ये .३८-४० हे १८७९–८०मध्ये आलं, .३२-२० हे १८८२मध्ये, .२२ हे १८८४मध्ये. १८९४ मॉडेल सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५ मध्ये निघालं; .३०-३० आणि .२५-३५ पुढच्या वर्षी, १८९५ला. १८८६मध्ये .३३ डब्ल्यू. सी. एफ. १९०२ला. १८९५ मॉडेलमध्ये .४०५ हे १९०४ला. नंबर त्याआधीचा आणि कॅलिबर नंतरचं असेल तर नळी बदललेली आहे, नाहीतर चेंबर पुन्हा कापलेलं आहे.

## टप्पा ७: कॅलिबर मोजणं

नळीवरचा ठसा हा दावा, मोजमाप हा पुरावा. मधल्या शंभर वर्षांत झिजलेल्या नळ्या मोठ्या बोअरच्या कापल्या गेल्या, आत पातळ नवी नळी बसवली गेली, १८९२च्या कित्येक रायफली पुढे .३५७ मॅग्नमच्या करून घेतल्या गेल्या, आणि ठसा कधी बदलला, कधी नाही.

> काडतूस घालून ‘बसतं का’ बघू नका. .३०-३०चं काडतूस .३२ स्पेशलच्या चेंबरमध्ये जातं, .४५-७०चं .४५-९०मध्ये जातं. बसणं म्हणजे जुळणं नव्हे, आणि जिवंत काडतुसाला या कामात जागाच नाही.

शिशाची गोळी ठोकून नळीचा व्यास

१. शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा घ्या, नळीच्या तोंडाहून किंचित मोठा. जुन्या बॅटरीचं कडक शिसं चालत नाही, ते नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत पूर्ण भरत नाही.
२. लिव्हर उघडी, नळी तेलाने पुसलेली. रिसीव्हरमध्ये फडक्याची घडी ठेवा. या रायफलींत मागून सरळ दांडी जात नाही, म्हणून शिसं तोंडाकडून मागे ढकलायचं आणि ते फडक्यावर पडू द्यायचं.
३. तोंडाशी लाकडी हातोडीने अलगद बसवा, मग पितळी दांडीने एका दमात पण सावकाश आत न्या. मधेच सैल वाटलं तर तिथे नळी फुगलेली आहे, ते लिहून ठेवा.
४. शिशावरच्या उंच पट्ट्यांवर, समोरासमोर, मायक्रोमीटरने मोजा. हाच खाचांचा व्यास.

ढोबळ अपेक्षा अशा: .३०-३०ला ०.३०८ इंच, .३२-४० आणि .३२ स्पेशलला ०.३२१, .३८-४०ला ०.४०१ (हो, नाव ३८ आणि माप ४०), .४४-४०ला ०.४२७ ते ०.४२९, .४५-७०ला ०.४५८, .४०५ला ०.४११. काळ्या दारूच्या काळातल्या नळ्यांत दोन-चार हजारांश इकडेतिकडे असतं. .४४-४०च्या जुन्या नळीत ०.४३० आलं म्हणून नळी बदलली असा निष्कर्ष काढू नका.

.३२-४० आणि .३२ स्पेशल यांचा व्यासही एक आणि पिळाचा वेगही एक, १६ इंचांत एक फेरा. म्हणजे नळी मोजून त्यांच्यात भेद होणार नाही. .३०-३०चा पीळ १२ इंचांत एक. बाकी काम चेंबरच्या साच्याचं.

चेंबरचा साचा

यासाठी सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून थेट आचेवर कधीच ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. त्यात शिसं आणि कॅडमियम आहे. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

१. चेंबर कोरडं आणि स्वच्छ करा. तेलाचा थर राहिला तर माप बिघडतं.
२. तोंडाकडून कापसाचा बोळा ढकलून चेंबरच्या पुढे साधारण एक इंचावर घट्ट बसवा.
३. नळीचं तोंड खाली करून रायफल उभी धरा. जाड कागदाचं नरसाळं करून धातू ओता. चेंबर भरल्यावर थांबा. रिसीव्हरमध्ये सांडला तर यंत्रणा खोलावी लागते.
४. घट्ट झाल्यावर थोड्याच वेळात तोंडाकडून दांडीने बाहेर ढकला. पहिला अर्धा तास धातू आकसतो, त्याच काळात तो सुटतो. उशीर केला तर पुन्हा फुगून अडकतो.
५. मोजायचं ओतल्यापासून एका तासाने. तेव्हा साचा चेंबरइतका असतो. पुढे तो फुगतच राहतो, आठवड्याभराने घेतलेलं माप सुमारे अडीच हजारांश इंचाने जास्त येतं. जुना साचा मित्राला कुरियरने पाठवून ‘मोज जरा’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मार्लिनचा माथा बंद असल्याने नरसाळं वाकवून बाजूने घालावं लागतं. १८७३मध्ये लिव्हर उघडली की कॅरिअर वर येऊन चेंबरचं तोंड अडवतो. ते काम कसबी माणसाकडे द्या.

साच्यावर बुडाचा व्यास, खांद्याची जागा, मानेचा व्यास आणि चेंबरची लांबी लिहा. .३२-४० सरळ निमुळता, .३२ स्पेशलला स्पष्ट खांदा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही उत्तर मिळतं. .४५-७०ची पुंगळी सुमारे २.१ इंच, .४५-९०ची २.४. चेंबर काडतुसाहून थोडं मोठं असणारच, म्हणून मापं प्रमाणित रेखाचित्राशी जुळवताना काही हजारांश सोडा.

## टप्पा ८: ताळा

समजा, टँगवर ‘मॉडेल १८९२’, नंबर २ लाख १२ हजारांतला, नळीवर ‘३८ डब्ल्यू. सी. एफ.’ शिसं ०.४०१ देतं, साचाही .३८-४०चाच. इथपर्यंत सगळं गोड. पण नळीवर लंबगोलात ‘डब्ल्यू-पी’ हा प्रूफ शिक्का आहे आणि रिसीव्हरवर नाही. विंचेस्टरने तो शिक्का जुलै १९०५पासून नळी आणि रिसीव्हर दोन्हींवर मारायला सुरुवात केली. हा नंबर त्याच्या बराच आधीचा. म्हणजे रिसीव्हर जुना, नळी १९०५नंतरची.

आता पत्र मागवा; नंबर वहीच्या कक्षेत आहे. पत्रात ‘.४४, अष्टकोनी’ आलं आणि नंतर कारखान्यात परत आल्याची नोंदही असली तर बदल कारखान्यात झाला. परतीची नोंद नसेल तर शिक्का पुन्हा भिंगाखाली घ्या. लंबगोलात नुसता ‘पी’ असेल तर ती नळी टपालाने मागवलेली, बाहेर कुणीतरी बसवलेली. नोंद लिहायची ती अशी: ‘रिसीव्हर १९०५पूर्वीचा, मूळ कॅलिबर .४४-४०, सध्याची नळी .३८-४०, १९०५नंतरची.’ एका सालात हे मावत नाही, आणि मावायला नकोच.

इंग्लंडमार्गे आलेल्या रायफलींवर लंडन किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्के आणि कधी ‘नॉट इंग्लिश मेक’ ही अक्षरं असतात. त्यावरून रायफल ब्रिटनमधून गेली एवढंच कळतं, बनल्याचं साल नाही. कलकत्त्याच्या आर. बी. रॉडासारख्या विक्रेत्याचं नाव नळीवर असेल तर तो दुकानदार, कारखाना नव्हे.

## टप्पा ९: ‘अँटिक’ शब्द वापरण्याआधी

अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८पर्यंत, ते वर्ष धरून, बनलेलं शस्त्र अँटिक. तिथे रिसीव्हरचं साल मोजलं जातं, नळीचं नाही. सीमेवरच्या नंबरसाठी तक्ता पुरत नाही, वह्यांतली तारीखच घ्या. ब्रिटन आणि कॅनडात सालाबरोबर काडतुसाचा प्रकारही बघतात, म्हणून तिथल्या मराठी मंडळींनी अमेरिकन मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मधली सूट कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण दुरुस्ती करून किंवा न करता ते वापरता येण्याजोगं नसेल तरच. चालू अवस्थेतली .३०-३०ची १८९४ कितीही जुनी असली तरी त्यात बसत नाही. आजोबांच्या ट्रंकेत अशी रायफल सापडली तर मोजमाप नंतर. आधी परवान्याची कागदपत्रं शोधा आणि वकिलामार्फत परवाना अधिकाऱ्याला कळवा. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवायची म्हटली तर १९७२चा पुरावशेष कायदाही आडवा येतो. संग्रहालयात काम करणाऱ्यांनी साचा ओतण्याआधी संस्थेच्या जतन विभागाची लेखी परवानगी घ्यावी. तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, चेंबरमध्ये हा राखाडी कण कसला.